रिकिबीतून निसटणारा पाय

प्रश्न : चाळिशीतल्या एका वाचक स्त्रीचे पत्र आले आहे. त्या दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा घोडेस्वारी शिकतात. घोडा चालत असेपर्यंत सारे ठीक असते. पण त्याने दुडकी धरली की त्यांचा गुडघ्याखालचा पाय मागेपुढे डुलू लागतो, टाच वर उठते, आणि कँटरमध्ये, म्हणजे दुडकीहून वेगवान चालीत, उजवा पाय दर फेरीत एकदा तरी रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लोंबणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, निसटतो. प्रशिक्षक ‘टाच खाली, पाय मागे, गुडघा आवळा’ असे सांगत राहतात. त्या तसे करतात, आणि पाय आणखीच डुलतो. तासाच्या शेवटी दोन्ही पोटऱ्या दुखतात. त्यांचे काम दिवसभर खुर्चीत बसून करण्याचे आहे. रुंद आणि दातेरी पट्टीच्या महागड्या रिकिबी आणि चिकट पट्ट्यांची ब्रीचेस (घोडेस्वारीची तंग विजार) विकत घ्यावी असे त्यांच्या मनात आहे. सोबत शिकणाऱ्या एकाने रिकीब दोरीने तंगाला, म्हणजे खोगीर कसणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्याला, बांधण्याचा उपाय सुचवला आहे. व्यायामशाळेत त्यांनी मांड्या एकमेकींकडे दाबण्याच्या यंत्रावर मेहनतही सुरू केली आहे. ‘माझे पायच कमजोर आहेत का, की या वयात शरीराला हे जमणारच नाही? आणि पैसे आधी कशावर खर्च करू?’ असे त्या विचारतात.

उत्तर : सर्वांत आधी त्या दोरीविषयी लिहिते, कारण बाकीचे सारे सावकाश बोलता येईल. रिकीब तंगाला बांधू नका, आणि ज्यांनी हा उपाय सुचवला त्यांनाही तो करू देऊ नका. घोड्यावरून पडणे वेगळे आणि पडल्यावर पाय रिकिबीत अडकून घोड्यामागे फरपटत जाणे वेगळे. दुसरा प्रसंग जिवावर बेततो, आणि सामानातल्या कितीतरी गोष्टींची रचना तो टाळण्यासाठीच केलेली असते. खोगिराच्या ज्या धातूच्या दांडीवर रिकिबीची वादी अडकवतात, तिच्या मागच्या टोकाला बऱ्याच खोगिरांत एक उघडझाप होणारी खिट्टी असते. स्वारी करताना ती उघडी ठेवायची, म्हणजे वेळ आलीच तर वादी मागे सरकून खोगिरापासून सुटते. बुटाला टाच असते ती पाऊल रिकिबीतून आरपार जाऊ नये म्हणून. बांधलेली रिकीब ही सारी तजवीज निकामी करते. शिवाय ती पाय स्थिर करत नाही, त्याचे डुलणे तेवढे झाकते, आणि दोरी सोडली की तुम्ही जिथे होता तिथेच असता.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, आणि ती इतकी स्वाभाविक आहे की बहुतेक शिकाऊ स्वार ती गृहीत धरतात. पाय डुलतो आहे, म्हणजे दोष पायात आहे. आणि दोष पायात आहे, म्हणजे तो कशाने तरी घट्ट धरून ठेवला पाहिजे, मग ते चिकट ब्रीचेसने असो, दातेरी रिकिबीने असो किंवा मांड्यांच्या ताकदीने असो. माझ्या मते तुमची बरीचशी मेहनत या एका समजुतीपायी वाया जाते आहे. गुडघ्याखालचा पाय ही बिघाड दिसण्याची जागा आहे. तो उपजतो बहुधा त्याच्या वर, खुब्यात आणि कमरेत, नाहीतर शरीराच्या बाहेर, खोगिरात आणि वादीत.

हे कसे घडते ते पाहा. खोगिरावर बसल्यावर तुमचा पाय खुब्यापासून खाली लोंबतो आणि रिकीब खोगिराच्या दांडीपासून खाली लोंबते, म्हणजे हे दोन लंबकच झाले. तुमचे वजन खुब्यातून, सैल मांडीतून, गुडघ्यातून आणि घोट्यातून उतरत टाचेपर्यंत पोहोचले, तर दोन्ही लंबक सरळ खाली ताणलेले राहतात आणि फारसे हलत नाहीत. वाटेत तुम्ही गुडघा आवळलात, की वजन तिथेच अडते. गुडघ्याची बिजागरी होते, त्याखालचा पाय रिकामा लोंबू लागतो, आणि घोड्याच्या प्रत्येक पावलासरशी डुलतो. त्याच वेळी ओली साबणाची वडी मुठीत आवळल्यावर वर सटकावी तसे वरचे शरीर खोगिरातून वर ढकलले जाते. रिकिबीवरचे वजन कमी होते आणि कँटरच्या एखाद्या हेलकाव्याला ती पावलाखालून निघून जाते. तुम्ही लिहिता की सांगितल्याप्रमाणे गुडघा आवळल्यावर परिस्थिती बिघडते. ते तुमच्या कमजोरीमुळे होत नाही. गुडघा आवळला की होते तेच तिथे होते आहे.

आपली भाषाही इथे थोडा चकवा देते. घोड्यावर ‘मांड ठोकणे’, ‘मांड पक्की असणे’ हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ऐकताना डोळ्यांपुढे येते ती मांड्यांची घट्ट पकड. ज्यांची मांड खरोखर पक्की आहे अशा स्वाराकडे जवळून पाहिले, तर त्यांच्या मांड्या खोगिराला नुसत्या टेकलेल्या दिसतात. गुडघ्याच्या आतून तळहात सरकवता येईल इतकी मोकळीक तिथे असते. झेनोफन या ग्रीक सेनानीने सुमारे २४०० वर्षांपूर्वी घोडेस्वारीविषयी लिहिताना बजावून ठेवले आहे की घोड्यावर खुर्चीत बसल्यासारखे बसू नये, पाय फाकून उभे राहिल्यासारखे बसावे, आणि गुडघ्याखालचा पाय सैल सोडावा. त्याच्या काळी ग्रीकांकडे रिकिबी नव्हत्या, म्हणून हे सांगणे मला अधिक मोलाचे वाटते. पाय ठेवायला काहीच नसताना ज्याने घोड्यावर लढाया केल्या, तोही गुडघ्याखालचा पाय सैलच सोडायला सांगतो.

‘टाच खाली’ ही सूचनाही अशीच अर्धी आहे. वजन खाली उतरले की टाच आपोआप खाली जाते. ती खाली जाणे हा परिणाम आहे. तुम्ही ती मुद्दाम खाली दाबता तेव्हा रिकिबीला पुढे ढकलता, पाऊल तंगाच्या पुढे जाते, बैठक मागे पडते, आणि मग प्रशिक्षक ‘पाय मागे’ म्हणतात. तुम्ही पाय मागे खेचता, त्यासाठी गुडघा वाकवता, टाच वर येते, आणि ‘टाच खाली’ पुन्हा सुरू होते. दोन्ही सूचना आपापल्या जागी खऱ्या आहेत, पण एकीचे पालन करताना दुसरी मोडते. म्हणून तुम्हाला दुसरी एखादी खूण हवी. कान, खांदा, खुबा आणि टाच बाजूने पाहता एका उभ्या रेषेत यावीत, इतकी की घोडा तुमच्याखालून अलगद काढून घेतला तर तुम्ही जमिनीवर तोल न जाता उभ्या राहाल. स्वतःला दिवसातून दहा वेळा विचारण्यासारखा हा एकच प्रश्न आहे: आत्ता घोडा नसता तर मी पायांवर उभी राहिले असते, की पाठीवर पडले असते?

आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. स्थिर पाय म्हणजे निश्चल पाय नव्हे. चालताना घोड्याचे पोट डावीकडे-उजवीकडे झुलते, दुडकीत त्याचे तिरके पाय जोडीजोडीने पडतात आणि दर पावलाला त्याची पाठ तुम्हाला वर उसळते, कँटरमध्ये तीन ठोक्यांचा हेलकावा असतो. ही हालचाल कुठेतरी जिरावी लागते. ती खुबा, गुडघा आणि घोटा या तीन सांध्यांत वाटली गेली, तर पाय घोड्याबरोबर हलतो आणि पाहणाऱ्याला तो स्थिर दिसतो. यांपैकी एक सांधा जरी आखडला तरी त्याच्या वाट्याचे काम शेजारच्यावर पडते. तुमच्या पोटऱ्या दुखतात त्या बहुधा यामुळेच, असा माझा अंदाज आहे.

सामानाकडे वळू या. तपासणीची सुरुवात पैसे खर्च न करता होते. घोडा आणि खोगीर प्रशिक्षणशाळेचे असल्याने आधी परवानगी घ्या, मग दोन्ही वाद्या खोगिरावरून काढा, वरची टोके एका मुठीत जुळवून धरा आणि दोन्ही लोंबत ठेवून भोकांच्या रांगा शेजारी शेजारी पाहा. वरून पहिले भोक पहिल्याशी जुळेल, तिसरे तिसऱ्याशी जवळजवळ जुळेल, आणि खाली येत जाल तसा फरक उघडा पडू लागेल. जुन्या जोड्यांत डावी वादी अनेकदा लांब निघते, कारण घोड्यावर चढायचे ते डावीकडून, आणि चढताना सारे वजन त्या एकाच वादीवर येते. कातडे ताणले जाते आणि परत आखडत नाही. मग तुम्ही दोन्ही बक्कले प्रामाणिकपणे सारख्याच क्रमांकाच्या भोकात अडकवता, तरी डावी रिकीब बोटभर खाली असते. तिला गाठण्यासाठी शरीर डावीकडे कलते, उजव्या बाजूचे वजन हलके होते, आणि उजवा पाय निसटू लागतो. तुमच्या बाबतीत हेच घडत असेल असे मी इथे बसून ठामपणे म्हणू शकत नाही, पण नेहमी एकच पाय निसटतो असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे सर्वांत आधी पाहा. फरक निघाला तर बक्कले भोकांच्या क्रमांकावरून न लावता मोजून लावा. वाद्यांची अदलाबदल दर काही आठवड्यांनी करत राहावी आणि चढण्यासाठी ठोकळा वापरावा. आतून नायलॉनची पट्टी घातलेल्या वाद्या कमी ताणल्या जातात, आणि स्वतःचे काही विकत घ्यायचेच असेल तर मी तुम्हाला रिकिबींच्या आधी अशी एक जोडी घ्यायला सांगेन.

त्यानंतर लांबी. हाताची बोटे खोगिराच्या दांडीवर टेकवून वादी हातालगत ताणली की रिकीब बगलेपर्यंत पोहोचावी, हे माप सर्वांना शिकवतात. ते सुरुवात करण्यापुरते बरे आहे, पण हाताची आणि पायाची लांबी सर्वांत सारख्या प्रमाणात नसते. म्हणून चढल्यावर दोन्ही पाय रिकिबींतून काढून सैल सोडा आणि पाहा की रिकिबीची खालची पट्टी घोट्याच्या हाडाजवळ येते का. शिकाऊ स्वारासाठी साधारण तिथेच असावी. उड्यांच्या सरावासाठी ती एक-दोन भोके वर घेतात, ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध हालचाली करून घेण्याच्या प्रकारात, घोट्याच्या थोडी खाली सोडतात. लांब पाय डौलदार दिसतो म्हणून अनेक जण वादी आपल्या तयारीच्या मानाने फार लांब ठेवतात आणि मग चवड्याने रिकीब चाचपडत राहतात. चाचपडणारा चवडा खाली आणि टाच वर, हे ठरलेलेच. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून मला हीच शंका येते. एक भोक वर घेऊन दोन तास स्वारी करून पाहा. मात्र फार वर घेतलेली रिकीबही बैठक मागे ढकलते, म्हणून एका वेळी एकच भोक बदला.

खोगिराचा तोल हा भाग मला थोडा विस्ताराने सांगावासा वाटतो, कारण त्यात माझे स्वतःचे जवळजवळ एक वर्ष गेले आहे. मी शिकत असताना मला नेहमी एकाच खोगिरावर बसवले जाई. माझे पाय कायम पुढे जात, मी कायम मागे पडे, आणि प्रत्येक तासानंतर आपल्यातच काहीतरी कमी आहे असे वाटत मी घरी येई. एकदा ते खोगीर दुरुस्तीला गेले आणि मला दुसरे मिळाले. त्या दिवशी दुडकीत माझे पाय कुणी न सांगता माझ्याखाली आले. जुन्या खोगिराचा पुढचा भाग त्या घोड्याच्या पाठीवर उचलला जात होता, बैठकीचा सर्वांत खोल बिंदू मागे सरकला होता, आणि मी वर्षभर एका उतारावर बसून चढण चढण्याचा प्रयत्न करत होते. हे तुम्हालाही तपासता येते. घोडा सपाट जमिनीवर उभा असताना खोगीर नीट कसून बैठकीवर एक गोल पेन्सिल आडवी ठेवा आणि ती गडगडत कुठे थांबते ते पाहा. साधारण मध्यावर थांबली तर ठीक. मागच्या कडेकडे गेली, तर बसणारा कुणीही असो, तो मागेच पडणार. खोगिराचा सांगाडा घोड्याला अरुंद पडला की पुढचा भाग उचलला जातो, फार रुंद असला की पुढचा भाग खाली बसतो. वादीची दांडी फार पुढे बसवलेली असली तरी पाय पुढे जातो. मांडीचे हाड लांब असलेल्या स्वाराचा गुडघा तर आखूड किंवा सरळ पाख्याच्या (बाजूला लोंबणाऱ्या कातडी भागाच्या) खोगिराच्या बाहेरच डोकावतो. यांतले काही आढळले, तर दुसरे खोगीर वापरून पाहण्याची विनंती करा. खोगिराखाली आपल्या मनाने जाडजूड घड्या सारू नका, कारण खोगीर आधी घोड्याच्या पाठीला बसले पाहिजे, आणि तुमची बैठक सुधारताना त्याची पाठ दुखावली तर ते आपल्याला मान्य होण्यासारखे नाही.

रिकिबीच्या रुंदीची खात्री पटकन करता येते. बुटाच्या सर्वांत रुंद भागाच्या दोन्ही बाजूंना मिळून सुमारे अडीच सेंटीमीटर जागा असावी. त्याहून अरुंद असेल तर पाऊल अडकते, फार रुंद असेल तर आरपार जाते. बुटाचा तळ गुळगुळीत आणि एकसंध हवा, टाच स्पष्ट हवी. खोल नक्षीच्या तळाचे चालण्याचे बूट घोड्यावर घालू नयेत.

रुंद पट्टीच्या रिकिबी, घोट्याशी लवणाऱ्या रिकिबी आणि चिकट ब्रीचेस निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. रुंद पट्टीमुळे वजन पावलाच्या मोठ्या भागावर पसरते, घोट्याला किंवा गुडघ्याला जुनी दुखापत असलेल्यांना तिने खरोखर आराम पडतो. पण चुकीच्या लांबीच्या वादीला लावलेली उत्तम रिकीब चुकीच्याच ठिकाणी लोंबते. चिकट कापडाविषयी मला जरा जास्तच काळजी वाटते, कारण शिकत असलेल्या शरीराला ते चुकीच्या जागी धरून ठेवते आणि मग आपण कुठे सरकतो आहोत हेच कळेनासे होते. म्हणून ही खरेदी तीन महिने पुढे ढकला. त्यानंतरही रिकिबी घ्याव्याशा वाटल्या, तर दात्यांपेक्षा पडताना पाऊल मोकळे करणाऱ्या सुरक्षित रचनेला पैसे मोजा. आणि पाय शांत होईपर्यंत बुटाला आरा, म्हणजे घोड्याला इशारा देण्याचे टाचेवरचे धातूचे काटे, लावू नका. डुलणाऱ्या पायाची आर घोड्याला विनाकारण टोचत राहते.

व्यायामाबद्दल बोलताना तुमच्या खुर्चीपासून सुरुवात करायला हवी. दिवसभर बसून जांघेतले, म्हणजे खुब्याच्या पुढचे स्नायू आखडतात. असा खुबा घोड्यावर पूर्ण उघडत नाही, मांडी वर आणि पुढे ओढली जाते, गुडघा वर सरकून आवळला जातो, आणि आपल्या ओळखीची साखळी तिथून सुरू होते. मांड्या एकमेकींकडे दाबण्याचे यंत्र नेमकी हीच आवळण्याची सवय पक्की करते. आतल्या मांडीची ताकद वाईट नव्हे, पण तुमच्याकडे आज ज्याची कमतरता आहे ते हे नाही. ते यंत्र सध्या सोडा. त्याऐवजी एक गुडघा जमिनीवर टेकवून दुसरा पाय पुढे ठेवा, पार्श्वभाग आवळून कंबर किंचित पुढे न्या, आणि टेकलेल्या पायाच्या जांघेत ताण जाणवला की तिथे ३० सेकंद शांतपणे श्वास घेत थांबा. दोन्ही बाजूंनी, रोज. ताण कमरेच्या मणक्यात जाणवत असेल तर तुम्ही पाठ वाकवत आहात, मागे या.

घोट्याची परीक्षा भिंतीपाशी घ्या. भिंतीकडे तोंड करून एक पाऊल तिच्यापासून दूर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकतो आहे तोवर पाऊल थोडे थोडे मागे घेत जा. अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटीमीटरवर असताना गुडघा टेकला तर घोटा पुरेसा मोकळा आहे. दोन्ही पायांत बराच फरक निघाला तर त्याची नोंद ठेवा. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरचा गुडघ्याच्या वरून सुरू होतो आणि पाय सरळ असताना ताणला जातो, आतला गुडघ्याच्या खालून सुरू होतो आणि गुडघा वाकलेला असताना घोट्याला तोच अडवतो. खोगिरावर आपला गुडघा वाकलेला असतो. तरीही बहुतेक जण पोटरी ताणतात ती पाय सरळ ठेवून, आणि घोड्यावर काहीच फरक पडला नाही म्हणून निराश होतात. भिंतीला हात टेकून मागचा गुडघा वाकवून, टाच जमिनीवर ठेवून ताण द्या. मग एखाद्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून, कठडा धरून, टाचा सावकाश खाली सोडा आणि सावकाश वर घ्या, १० ते १५ वेळा. खाली सोडण्याचा भाग अधिक सावकाश करा, कारण दुडकीत घोट्याला तेच काम करायचे आहे.

ताकद हवी ती पार्श्वभागात, खुब्याच्या बाजूंना आणि धडात. एका पायावर ३० सेकंद उभे राहणे सोपे वाटते. दात घासताना रोज करून पाहा, आणि कोणत्या पायावर कंबर एका बाजूला ढळते ते आरशात बघा. ते साधले की बुटक्या पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरण्याचा सराव करा, गुडघा आत न वळू देता. पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि कोपरांवर फळीसारखे आडवे राहणे हे दोन्ही धडाला उपयोगी आहेत. शेवटचे २० सेकंदही पुरे, पण श्वास न रोखता. आठवड्यातून तीन दिवस पंधरा-वीस मिनिटे एवढेच करा. ताकदीचा फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्याआधी निकाल लावू नका. वयाबद्दल तुम्ही विचारले आहे; स्नायू चाळिशीतही बळकट होतात आणि साठीतही होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते, आणि त्या शिफारशीत चाळिशीच्या माणसाला कुठेही वगळलेले नाही.

एका गोष्टीत मात्र शरीराचे ऐकावे लागते. काहींच्या खुब्याची ठेवणच अशी असते की पावले थोडी बाहेर वळतात. अशी पावले जबरदस्तीने पुढे वळवली तर पीळ गुडघ्यात पडतो. जमिनीवर सहज चालताना तुमची पावले जितकी बाहेर वळतात, तितकी घोड्यावर वळली तर त्यात दोष मानू नका.

घोड्यावरचा सराव थोडक्यात सांगते. घोडा चालत असताना आयाळ किंवा गळपट्टा धरून रिकिबींत उभ्या राहा आणि टाचा खाली बुडू द्या. पाय पुढे गेले तर तुम्ही मागे पडाल, मागे गेले तर पुढे. दुरुस्ती घोडाच सांगतो. लगामाला लोंबकळून तोल सावरू नका, त्याच्या तोंडाचा त्यात काही अपराध नाही. दहा पावले स्थिर उभे राहता आले की हेच दुडकीत करा. पुढे दोन ठोके उभे आणि एक ठोका बसलेले अशा लयीत दुडकी करा. त्यात गुडघ्याने उचलून घेण्याची सवय लवकर उघडी पडते. रिकिबींशिवायचा सराव खरोखर उपयोगी आहे, पण लंजच्या दोरीवर, म्हणजे मध्ये उभ्या माणसाने घोड्याला गोल फिरवायच्या लांब दोरीवर, जाणत्या माणसाच्या हाती आणि एका वेळी दोन-तीन मिनिटेच. दमलेले पाय आवळतात, आणि मग आपण नको तेच शिकतो. तुमच्या वाट्याचा घोडा आळशी असेल आणि दर पावलाला त्याला टाच द्यावी लागत असेल, तर पाय शांत राहणे अशक्यच आहे. त्याला एकदाच स्पष्ट इशारा द्या, तो पुढे निघाला की पाय सैल सोडा, आणि तरीही तो ढिला पडत असेल तर काही दिवस दुसरा घोडा मागा.

प्रशिक्षकांशी बोलणे तुम्हाला अवघड वाटते हे पत्राच्या ओळींमधून जाणवते. त्यांचे चुकते आहे असे सांगायची गरज नाही. ‘सर, गुडघा आवळला की माझी रिकीब सुटते. आज वीस मिनिटे मी गुडघा सैल ठेवून पाहू का, आणि तुम्ही बाजूने माझी टाच कुठे येते ते पाहाल का?’ असे विचारा. पाहण्याचे काम दिलेला प्रशिक्षक ओरडण्याऐवजी खरोखर पाहू लागतो, असा माझा अनुभव आहे. कुणाला तरी बाजूने तुमच्या दुडकीचे दोन मिनिटांचे चित्रण करायला सांगा. स्वतःला जाणवते ते आणि प्रत्यक्ष दिसते ते यांतली तफावत पाहून बहुतेक स्वार चकित होतात.

पोटऱ्यांचे दुखणे दोन्ही बाजूंना सारखे असेल आणि एक-दोन दिवसांत ओसरत असेल, तर ते श्रमाचे आहे. एकच पोटरी सुजली, गरम लागू लागली किंवा विश्रांतीतही दुखत राहिली, तर स्वारीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पुढच्या तासाला अर्धा तास लवकर पोहोचा आणि वाद्या काढून मोजा. खोगिरावर पेन्सिल ठेवून पाहा. मग वादी एक भोक वर घेऊन चढा, आणि घोडा चालत असतानाच पाच मिनिटे उभ्या राहण्याचा सराव करा. त्या दिवशी कँटर नको. घरी आल्यावर कोणत्या बाजूची रिकीब किती वेळा सुटली एवढेच वहीत लिहा, आणि सहा आठवड्यांची अशी नोंद झाली की मला पुन्हा लिहा. उजवी बाजू तरीही सुटतच असेल, तर दोन्ही घोट्यांची भिंतीपाशी घेतलेली मापे आणि बाजूने केलेले ते चित्रणही सोबत पाठवा.